हाताची चव जाते म्हणे

२ मार्च

दोन्ही आयांना,

हे पत्र एकदाच लिहून मी त्याच्या दोन प्रती काढल्या आहेत, म्हणजे "आधी तिला सांगितलंस की मला" हा प्रश्नच नको. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही दोघी एकदम बोलता आणि मग कोणाचंच काही ऐकू येत नाही.

ठकी छान आहे. वजन वाढतंय, आवाज त्याहून जास्त वाढतोय. पण साथ अजून ओसरलेली नाही आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलं आहे की, ज्याने नवी लस घेतली आणि घेऊन दोन आठवडे झाले, त्यानेच बाळाला उचलायचं. दुसरी गोष्ट आमच्या घराची. घर म्हणजे दीड खोली. त्यामुळे एका वेळी एकच पाहुणा. ज्याचं लशीचं आधी होईल त्याने यावं आणि मी जुलैत कामावर रुजू होईपर्यंत राहावं. खरं सांगते, मदत हवीच आहे. आम्ही दोघं सध्या उभ्या उभ्या झोपतो.

भांडू नका.

एकीची लेक, एकीची सून

•

९ मार्च

विहीणबाईंना नमस्कार. (या खेपेला आधी मी केला, एवढं लक्षात असू द्या.)

सूनबाईंचं पत्र तुम्हालाही पोचलं असेल. वाचून मला इतकं हसू आलं! जणू आपण दोघी पदर खोचून शर्यतीत धावतच सुटणार आहोत. माझ्यापुरतं सांगायचं तर मला काडीचीही घाई नाही. शाळेतली गाण्याची नोकरी संपल्यापासून मी मोकळीच आहे. आठवड्यातून दोनदा गायनमंडळाच्या बायका येतात, त्यांचे सूर जागेवर आणते, बाकी वेळ खिडकीत बसते. आज गेले काय, उद्या गेले काय. पहिला मान तुमचा. मुलीची आई ती शेवटी मुलीची आई.

म्हणून तर एक गोष्ट तुम्हाला सांगू की नको असं चाललं होतं. पण ताकाला जाऊन भांडं लपवण्याचा माझा स्वभाव नाही. आमच्या मागच्या गल्लीत एक बाई आहेत. फार सुगरण. त्यांच्या हातचं खाऊन लोक बोटं चाटत. त्यांनी परवा ही नवी लस घेतली. ताप नाही, काही नाही, दंड जरासा दुखला. पण दुसऱ्या दिवशी भाजी केली तर नुसती शिजवलेली भाजी! मीठ तेच, तेल तेच, पातेलंही तेच. हाताची चव तेवढी गेली. डॉक्टर म्हणतात असं काही होत नसतं. पण डॉक्टरांनी कधी भाजी केलीय?

मला त्याचं काही नाही, माझ्या हाताला चव आहे असं आजवर कोणी म्हटलेलं नाही. पण तुमची डेपोसमोरची खाणावळ! दोनशे माणसं तुमच्या हातावर जेवतात. म्हणून कळवळ्याने सांगते, तुम्ही घाई करू नका. जरा थांबा, बघा, अंदाज घ्या. ठकीचं मी बघते तोवर.

आपली,
मुलाची आई

•

१५ मार्च

विहीणबाई,

नमस्कार. तुम्ही आधी केलात, मी जोरात करते.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी कांदे चिरत होते, त्यामुळे ते वाचताना डोळ्यांत पाणी होतं, गैरसमज नको. हाताला वेळ नव्हता म्हणून भांडी घासणाऱ्या बाईकडून मोठ्याने वाचून घेतलं. सगळ्या स्वैपाकघराने ऐकलं. पोळपाटावरची लाटणी थांबली. माझ्याकडे सहा बायका कामाला आहेत, सहाहीजणी म्हणाल्या, "मालकीणबाई, आम्ही नाही घेणार." मी म्हटलं, मीही नाही घेत. हात गेला तर पोट गेलं.

तेव्हा तुम्ही निर्धास्त असा. मी इथेच आहे, हलत नाही.

आमच्या घरातल्यांनी मात्र लस घेतली. पहिल्याच दिवशी. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, ते वाचनालयात वर्तमानपत्र बदलायला गेले होते, तिथल्या हॉलमध्ये केंद्र निघालं आहे, नर्सबाई म्हणाल्या बसा, ते बसले. तुम्हाला ठाऊकच आहे, जन्मभर वजनकाटे तपासायची नोकरी केली, बोलायचं काम काट्याने केलं. घरी येऊन म्हणाले, "झालं." मला वाटलं वर्तमानपत्र बदलून झालं. त्यांच्या हाताला चव कधी नव्हतीच, त्यामुळे गेली की राहिली हे कळायला मार्ग नाही.

तुम्ही मात्र लस जरूर घ्या हं. तुम्हाला धोका नाही. म्हणजे तसा नाही. आमच्या ओळखीत एक गायक आहेत, त्यांनी घेतली. बोलताना काही कळत नाही, चहा मागतात तो नीट मागतात. पण गायला बसले की वरचा सूर लागत नाही. तिथवर जातात आणि मांजरासारखे परत येतात. वय झालं असेल, दुसरं काय! तुम्ही मनावर घेऊ नका. ठकीला अंगाई म्हणायला वरचा सूर कशाला लागतो?

कळावे,
मुलीची आई

•

२२ मार्च

विहीणबाईंना सप्रेम नमस्कार.

तुमचा निर्णय वाचून बरं वाटलं. म्हणजे तुमच्या हातासाठी बरं वाटलं.

मी आपलं सहज विचारते, त्या गायकांचा नेमका कोणता सूर गेला? अगदी वरचा, की त्याच्या आधीचा? सूर लागतच नाही, की लागतो पण टिकत नाही? दोहोंत फार फरक आहे. आणि त्यांनी लस कोणत्या दंडात घेतली? तंबोरा ज्या हाताने छेडतात त्या की दुसऱ्या? गेलेला सूर काही दिवसांनी परत येतो का? मला यातलं काही स्वतःसाठी नको आहे. मंडळातल्या बायका विचारत होत्या.

त्या विचारत होत्या कारण तुमचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. चूक झाली. आता एकही घ्यायला तयार नाही. खर्जात गाणाऱ्या आमच्या एक बाई आहेत, त्यांचा वरचा सूर गेल्या वीस वर्षांत कोणी ऐकलेला नाही, त्यासुद्धा म्हणतात, "आहे तो तरी राहू दे."

काल भाजी आणायला गेले होते. येताना केंद्राच्या दारावरून आले. दार उघडं होतं. आत डोकावले, पायरीपर्यंत गेले, आणि मग आठवलं की गॅस चालू राहिलाय. राहिला नव्हता. पण आठवलं खरं.

उत्तर लवकर पाठवा. घाई नाही.

आपली,
मुलाची आई

•

३० मार्च

विहीणबाई,

नमस्कार वगैरे सगळं आहेच. इथे करायला गेलो एक आणि झालं भलतंच.

डेपोसमोर खाणावळ असली की बातमीला पाय लागत नाहीत, चाकं लागतात. माझ्या स्वैपाकघरातून ते पत्र ड्रायव्हरांकडे गेलं, ड्रायव्हरांकडून त्यांच्या घरी, आणि आठ दिवसांत सगळ्या गावाला ठाऊक झालं की लशीने हाताची चव जाते. आता बायका घेत नाहीत, कारण चव जाईल. पुरुष घेत नाहीत, कारण बायकांची जाणार असेल तर आपलंही काहीतरी जातच असेल, फक्त काय ते अजून कळलेलं नाही. केशकर्तनालयवाला म्हणतो कात्री वाकडी चालते. शिंपी म्हणतो माप चुकतं. ज्याचं माप जन्मात बरोबर आलं नाही, तोही म्हणतो!

परवा मी सहज वाचनालयाच्या बाजूने जात होते. सहज आत गेले. सहज बाही वर केली. आता तुमच्यापासून काय लपवायचं, मी घ्यायलाच गेले होते. नर्सबाई एकट्या विणत बसल्या होत्या, स्वेटरची पाठ पुरी झाली होती. म्हणाल्या, "बाटली उघडता येणार नाही. एका बाटलीत दहाजणांची लस असते, उघडली की त्याच दिवशी संपवावी लागते, नाहीतर फेकावी लागते. तुमच्याबरोबर आणखी नऊ आणा." मी म्हटलं, गावात कोण येईना का? त्या म्हणाल्या, "कोण्या बाईने पत्र लिहिलंय म्हणे." मी मान खाली घालून बाही खाली केली.

मग मला युक्ती सुचली. गावात लस घेतली ती पहिल्या दिवशीच्या दहाजणांनीच, त्यातला एक माझ्या घरात. त्याच्या हातचं लोकांना खायला घालायचं, म्हणजे लस घेऊनही चव असते हे सिद्ध होईल. सकाळी मी ह्यांना खाणावळीत उभं केलं आणि सांगितलं, आज भाजी तुमची. ह्यांनी बटाटे मोजले, वजन केलं, सोलले, परत वजन केलं, सालांचं वेगळं वजन केलं. मीठ किती म्हणून विचारलं. मी म्हटलं अंदाजाने. ते म्हणाले, "अंदाज म्हणजे किती ग्रॅम?" मला गिऱ्हाईक होतं, मी गेले. अंदाज न कळल्यामुळे त्यांनी मीठ घातलंच नाही.

पुढचं काय सांगू? पहिल्या ड्रायव्हरने घास घेतला, डोळे मिटले, आणि उभा राहून ओरडला, "गेली हो गेली, खरंच गेली!"

त्या दुपारी बाहेरगावी जाणाऱ्या बारा गाड्या सुटल्या. सगळ्यांतून बातमी गेली.

तुमच्या गायकांबद्दलच्या प्रश्नांचं पुढच्या पत्रात लिहीन. आत्ता डोकं ठिकाणावर नाही.

मुलीची आई

•

५ एप्रिल

विहीणबाई,

तुमचं पत्र आज मिळालं, पण बातमी त्याच्या आधीच पोचली होती. आमच्या दूधवाल्याला कोणा कंडक्टरने सांगितलं की, अमुक गावी लस घेतलेल्या आचाऱ्याने स्वैपाक केला आणि अख्खी खाणावळ बंद पडली. चाळीस माणसं न जेवता उठली. इथे येईपर्यंत त्याचा एक हातही लुळा पडला होता.

तुम्ही पत्रात लिहिलंत की मीठ घातलं नव्हतं. वाचून जरा धीर आला, पण पुरता नाही. मीठ घालावं हे सुचण्याची बुद्धीच लशीने गेली असेल तर? ही गोष्ट मी तुम्हाला पहिल्यांदा लिहिली, तेव्हा मला स्वतःला ती एवढी खरी वाटली नव्हती. आता चहूकडून तीच ऐकू येते. आणि हाताचं खरं असेल, तर गळ्याचंही खरंच असणार, नाही का?

आज मन मोकळं करते. तुम्ही ठकीकडे गेलात तर तिच्या आईला चार घास सुखाचे कराल, पोरीला न्हाऊ घालाल, घर आवराल. मला यातलं काय येतं? माझा मुलगासुद्धा माझ्या हातचं नाइलाजाने जेवायचा आणि शेजारी जाऊन परत जेवायचा. मला एक गाणं येतं. बस्स. रोज संध्याकाळी उशी मांडीवर घेऊन अंगाईचा सराव करते. हसू नका. उशी झोपतेही. तो वरचा सूर गेला, तर मी त्या दीड खोलीत जाऊन करायचं काय? लस नाही घेतली तर नात नाही, घेतली तर नातीला द्यायला काही नाही. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये मी उशी घेऊन उभी.

तरीही परवा हिय्या करून केंद्रावर गेले. तिथेही तेच, दहाजण आणा. मंडळातल्या बायकांना विचारलं, सगळ्यांनी एका सुरात नाही म्हटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या एका सुरात आल्या.

तुम्हीच जा विहीणबाई. तुमचे नऊजण जमले की जा. हे मी मनापासून लिहिते आहे, पहिल्या पत्रासारखं नाही.

मुलाची आई

•

१२ एप्रिल

विहीणबाई,

आधी महत्त्वाचं. तो गायक नाही. म्हणजे कुठेच नाही. आमच्या ओळखीत गाणारं कोणी नाही, ह्यांच्या घोरण्याखेरीज. तुमची मागच्या गल्लीतली सुगरण जिथे राहते, तिथेच माझा गायक राहतो. तुमची थाप मी पहिल्याच ओळीला ओळखली होती. तुम्ही दुसऱ्या बाईच्या स्वैपाकाचं कौतुक केलंत, तिथेच भांडं दिसलं.

मग मीही काडी टाकली. वाटलं, तुम्ही हसाल आणि आणखी एक थाप माराल. पण उशीचं वाचलं आणि मला माझीच लाज वाटली. हसले नाही, खरंच.

आता गंमत ऐका. त्या फजितीनंतर मी ह्यांना घरी रोज शिकवायला घेतलं. अंदाज सोडला, सगळं ग्रॅममध्ये सांगितलं. मीठ एवढे ग्रॅम, तिखट एवढे ग्रॅम, झाकण ठेवायचं तर घड्याळ लावून. माणूस एकदम खुलला! सहाव्या दिवशी परत खाणावळीत उभं केलं. तोच ड्रायव्हर आला. घास घेतला, पानातलं संपवलं आणि परत वाढा म्हणाला. मला वाटलं आता म्हणेल, अफवा खोटी. तो काय म्हणाला माहीत आहे? "लस मुरली!"

झालं. आता गावात अशी बातमी आहे की, लशीने हाताची चव आधी जाते आणि मग मुरून दुपटीने येते. ज्याच्या हाताला जन्मात नव्हती, त्यालाही येते. वाचनालयाच्या दाराशी रांग! वसतिगृहातली पोरं आली. नवी लग्नं झालेली जोडपी आली. एक गृहस्थ आपल्या सासूबाईंना घेऊन आले आणि नर्सबाईंच्या कानात म्हणाले, "यांना दोन डोस देता येतील का?" नर्सबाई बिचाऱ्या प्रत्येकाला सांगतात, "चवीचा आणि लशीचा काही संबंध नाही, साथीपासून वाचाल तेवढंच." लोक डोळा मारून म्हणतात, "तुम्हाला असंच सांगायला लावलं असेल." शेवटी त्यांनी विणकाम पिशवीत टाकलं. म्हणाल्या, "कारण काही असो, दंड पुढे करा."

मीही रांगेत होते. माझा नंबर आला, खुर्चीत बसले, बाही वर केली. तुमचं पत्र कमरेला खोचलेलं होतं, ते टोचलं. उठले आणि घरी आले.

तुमच्याकडे दहाजण जमत नाहीत, आमच्याकडे बाटल्यांवर बाटल्या उघडतात. तेव्हा उठा आणि इकडे या. बरोबर घेऊ. लस झाली की तिथल्या तिथे गाऊन बघा. सूर गेला तर माझ्या डोक्यावर तंबोरा फोडा.

मुलीची आई

•

१५ एप्रिल

विहीणबाई,

येते. शुक्रवारी दुपारच्या गाडीने. तुमच्याकडच्या उशा मऊ आहेत की कडक? माझी घेऊनच येते.

मुलाची आई

•

४ मे

चि. लेकीला / सूनबाईस,

आम्ही दोघी मिळून लिहितो आहोत. सुरुवात तुझी आई करते आहे, कारण कागद माझा.

तुला कळलंच असेल, आम्ही दोघींनी लस घेतली. काल-परवाच दोन आठवडे पुरे झाले. दंड दुखला, दुसरं काही नाही. लस घेतल्यावर अर्धा तास तिथेच बसायचं असतं. तुझ्या सासूबाई बसल्या नाहीत, उभ्या राहिल्या आणि गायला लागल्या. खालून सुरुवात केली. हॉलमध्ये पन्नास माणसं, कोणाला उठून जाता येईना. एक जण लस न घेताच निघाला होता, त्याला नर्सबाईंनी दारातून परत आणला.

(आता मी, सासूबाई. वरचा सूर लागला, सूनबाई. लागला आणि राहिला! मी तिथेच रडले. तुझी आई म्हणते ती रडली नाही, पण रुमाल माझा होता आणि तो परत मिळालेला नाही. त्याच संध्याकाळी तिने बटाट्याची भाजी केली. आम्ही तिघांनी जीभ बाहेर काढून, परत आत घेऊन, नीट चव पाहिली. आहे. सगळी आहे.)

पुन्हा आई. आता मुद्द्याचं. तू म्हणालीस ज्याचं आधी होईल त्याने यावं. बाटली एकच, दिवस एकच. खुर्चीपाशी मी म्हटलं, विहीणबाई, तुम्ही पाहुण्या, तुम्ही आधी. माणुसकी म्हणून म्हटलं! आता त्या म्हणतात, "बाटलीतली नववी मी, दहावी तुम्ही, तेव्हा मी आधी."

(नियम मी केलेला नाही. आणि मला पुढे ढकलताना कोणी अट घातली नव्हती.)

तर दोन दिवस हेच चाललंय. नाणं उडवलं, ते कपाटाखाली गेलं. शेजारणीला विचारलं, ती म्हणाली मीच जाते. आज-उद्यात काही ठरवतो आणि कळवतो. तोवर धीर धर, उभ्या उभ्या झोपत जा.

(मुलाला सांग, मी सरावात आहे.)

ता. क. तुझ्या बाबांचा फोन आलाय का तुला? काल सकाळी आमचं जोरात चाललं होतं, तेव्हा ते दारात उभे राहून म्हणाले, "मी जाऊ का?" आम्ही दोघी एकदम म्हणालो, "जा!" मी वर म्हटलं, येताना बटाटे आणा. त्यांनी परत विचारलं, "नक्की जाऊ?" त्यावर तुझ्या सासूबाई म्हणाल्या, "अहो, जा म्हटलं ना!" तेव्हापासून दिसले नाहीत. कुठे काटा तपासत बसले असतील.

दोघी

•

५ मे

घरच्या दोन्ही मंडळींना नमस्कार.

मी पोचलो. बटाटे आणले, पण ते इथे आणले. तिथल्यासाठी तुम्ही आणा.

लेकीने दार उघडलं, लशीचा कागद मागितला. मी दाखवला. तारीख पाहून म्हणाली, "बाबा, तुमचं तर मार्चमध्येच झालं होतं!" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "मग इतके दिवस का नाही आलात?" मी म्हटलं, आधी स्वैपाक येत नव्हता.

काल बटाट्याची भाजी केली. सगळं ग्रॅमप्रमाणे. लेक दोनदा मागून जेवली आणि म्हणाली, आईच्या हातची लागते. जावई जेवता जेवता ताटावर झोपले. त्यांना मी आडवं केलं. खूप दिवसांनी आडवे झोपले असं कळलं.

ठकीचं वजन केलं. काटा मी बरोबर आणला आहे. डॉक्टरीणबाईंचा काटा पन्नास ग्रॅम कमी दाखवतो, त्यांना कळवलं आहे.

दुपारी ती फार रडली. लेक दमली होती. विहीणबाई दोन आठवडे रोज संध्याकाळी उशीला म्हणत होत्या ती अंगाई मला पाठ झाली आहे, ती म्हटली. वरचा सूर मला लागत नाही, तिथे नुसता थांबलो. ती त्या जागी बघत राहिली आणि झोपली. आपली लेक एवढी होती तेव्हा मी कायम काटे तपासत गावोगाव फिरत असे. असं मूल माझ्या अंगावर कधी झोपलं नव्हतं. मला फार बरं वाटलं.

अक्षर समजून घ्यावं. डाव्या हाताने लिहितो आहे, उजव्यावर ती आहे.

इकडची काळजी नको. लेक म्हणते, एका वेळी एकच पाहुणा, आणि मी जुलैपर्यंत आहे. तेव्हा तुम्ही दोघी घाई करू नका. आधी कोण, ते सावकाश ठरवा.